रबराला रबर चिकटतं

अनास्तासियो वेर्दुगो ऊर्फ ताचो याने चौतीस वर्षं रस्ते केले आणि त्यातल्या एकाही रस्त्यात उंचवटा नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. लग्नात सांगायचा, मयतीत सांगायचा, आणि एकदा दाढ काढायला गेला तेव्हा तोंडात कापसाचा बोळा असतानाही त्याने डॉक्टरला सांगितलं. पिएद्रा सेकात लोक त्याला 'एल लीसो' म्हणत, म्हणजे गुळगुळीत. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, पण नाव काही त्यामुळे पडलेलं नाही, असं तो म्हणायचा.

ॲरिझोनातलं हे गाव मुळात तांब्याच्या खाणीचं. खाण बंद पडली तेव्हा निम्मं गाव फीनिक्सला गेलं आणि उरलेलं डांबराच्या कामाला लागलं. इकडचं डांबर साधं नसतं. उन्हाळ्यात रस्ता असा तापतो की साधं डांबर पातळ होऊन चाकाबरोबर गावाबाहेर जातं, आणि हिवाळ्यातल्या पहाटे तेच तडकतं. म्हणून जुन्या टायरी दळून त्यांचा चुरा उकळत्या डांबरात टाकतात आणि तासभर ढवळत ठेवतात. चुरा भिजत घातलेल्या राजम्यासारखा फुगतो. त्यात खडी मिसळली की जो माल तयार होतो तो उन्हाला दाद देत नाही, थंडीला भीक घालत नाही, आणि वरून गाडी गेली तर आवाजही करत नाही.

खोडी दोनच. गार झाला की तो हात लावून घेत नाही. साध्या डांबरात चूक झाली तर दाताळं मारून सारखं करता येतं. रबरी डांबराला दाताळं मारणं म्हणजे चिंगमला कंगवा लावणं. म्हणून माल अंथरणारा पेव्हर एकदा निघाला की थांबवायचा नाही. थांबला की त्याच्याखालचा माल गारठतो आणि तिथे उंचवटा उठतो तो कायमचा. आणि दुसरं म्हणजे, गरम असताना रबराला रबर चिकटतं. त्यामुळे तो दाबायला लोखंडी चाकांचा रोलरच लागतो. टायरीच्या चाकांचा रोलर जवळपासही आणायचा नाही.

ही दुसरी खोड गावाला एकोणीसशे एकोणऐंशी साली कळली. तेव्हा रबरी डांबर सगळ्यांनाच नवीन होतं. सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि त्यात कुणीतरी जेवणाचा बरीतो गुंडाळला होता. प्रोकोपियो लेर्मा, म्हणजे कोपो, तेव्हा टायरीचा रोलर चालवायचा. तो नेहमीसारखा गरम मालावर चढला आणि तव्याला चिकटलेली तोर्तिया उचकटून यावी तसा चाळीस फूट रस्ता त्याच्या नऊ टायरींना गुंडाळून वर आला. ताचो ही गोष्ट फार रंगवून सांगायचा. कोपो रस्ता अंगावर घेऊन कसा खाली उतरला, मालकाने हॅट कशी जमिनीवर आपटली, हॅटही कशी चिकटली. लोक पोट धरून हसायचे.

त्या प्रकारानंतर कोपोला मागच्या लोखंडी रोलरवर बसवलं आणि महिन्याभरात ताचो मुकादम झाला. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आता भांडणं काय, होतच असतात. पण हे दोघे कोंपाद्रे होते. ताचोच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला कोपोने मूल हातात धरलं होतं, आणि असं मूल धरणाऱ्याचं नातं इकडे सख्ख्या भावाहून जड. भावाशी अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी धरायचा नसतो. यांनी एकोणीस वर्षं धरला, तोही एकाच रस्त्यावर, एकाच्या मागे दहा फुटांवर दुसरा असताना.

मध्ये असायचा बेनिग्नो. तो चुन्याच्या पाण्याचा टँकर चालवायचा; नव्या रस्त्यावर चुन्याचं पाणी मारलं की लोकांच्या गाड्या त्याला चिकटत नाहीत. या दोघांच्या मध्येही त्यालाच फिरावं लागे.

"त्यांना सांग, जरा जवळ राहा म्हणावं," ताचो म्हणायचा. भांडण झालं तरी कोंपाद्रेला अरेतुरे करत नाहीत.

बेनिग्नो मान वळवायचा. "ते म्हणतात, जरा जवळ राहा."

"ऐकलं," कोपो म्हणायचा.

"ते म्हणतात, ऐकलं."

कोपो एवढंच बोलायचा. एकोणीस वर्षांत त्याने ताचोला दुसरा शब्द पाठवला नाही. सुरुवातीला हा सगळा तमाशा होता, पण पुढे पुढे त्याची गरजच पडू लागली, कारण पेव्हरशेजारी एवढी वर्षं उभं राहून ताचोचे कान गेले. मग बेनिग्नो साऱ्या जगाचंच बोलणं ताचोला ओरडून सांगू लागला.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये, एका रविवारी, कोपो अंगणात गाडीचं तेल बदलता बदलता गेला. वय एकसष्ट. सोमवारी सकाळी बेनिग्नो ताचोजवळ आला.

"मुकादम, गुरुवारी दहा वाजता."

"काय दहा वाजता?"

"कोपोची मयत."

"गुरुवारी माझा शेवटचा पट्टा आहे."

तोही खराच. शुक्रवारी ताचो निवृत्त होणार होता. आणि शेवटचा रस्ता त्याच्या वाट्याला आला होता तो कबरस्तानाचा: गावातून निघून फाटकापर्यंत. एक बाजू झाली होती. दुसरी गुरुवारी पहाटे पाचला फाटकाकडून सुरू करून गावाकडे आणायची होती.

"मग दहा वाजता पेव्हर थांबवावा लागेल," बेनिग्नो म्हणाला.

थांबवावाच लागतो. रस्त्यावरून मयत चालली की यंत्रं बंद आणि टोप्या खाली, मग मेलेला कुणी का असेना. इकडच्या टोळ्यांची ही रीतच. एकदा तर सगळ्यांनी एका फर्निचरच्या काळ्या गाडीपुढे टोप्या काढल्या होत्या आणि ड्रायव्हर घाबरून पळाला होता.

"टोपी काढू," ताचो म्हणाला. "पेव्हर चालू राहील. मयत पलीकडच्या, तयार झालेल्या बाजूने जाईल. रबरी डांबर आहे, थांबवता येत नाही."

"कोपोची मयत आणि पेव्हर चालू?"

"चौतीस वर्षांत एक उंचवटा नाही. शेवटच्या दिवशी करू? तेही त्यांच्यासाठी?"

घरी त्याच्या बायकोने, ओर्तेन्सियाने, काळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. ताचोने तो उचलून परत कपाटात ठेवला.

"कोंपाद्रेच्या मयतीला बायको चर्चमध्ये आणि नवरा रस्त्यावर," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, रस्ता छान झालाय."

"मेल्यावर तरी बोला त्यांच्याशी."

"आता बोलून काय? उत्तर देणारेत थोडेच?"

"जिवंतपणी तरी कुठे देत होते? 'ऐकलं' एवढंच तर म्हणायचे."

यावर ताचोला काही ऐकू आलं नाही. त्याचे कान कधी जायचे आणि कधी परत यायचे हे ओर्तेन्सियाला चांगलं ठाऊक होतं.

गुरुवारी काम सुरेख चाललं होतं. दहापर्यंत फाटकापासून अर्धा मैल पट्टा पडला होता आणि पेव्हरमागे काळाभोर, वाफाळता, टेबलासारखा सपाट रस्ता पसरला होता. हायवे खात्याची तपासनीस मिस हॉलबर्ग दहा फुटी सरळ पट्टी घेऊन मागून येत होती. पट्टी रस्त्यावर ठेवायची आणि खाली फट किती दिसते ते बघायचं. एका सुतापेक्षा जास्त दिसली की उंचवटा म्हणून नोंद. सकाळपासून तिला अर्धं सूतही दिसलं नव्हतं. ताचो मुद्दाम तिच्या आसपास रेंगाळत होता.

मयत आली. पुढे काळी गाडी, मागे पाद्रीबाबा चालत, त्यांच्यामागे निम्मं गाव. ताचोने टोपी काढून छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने पेव्हरवाल्याला चालू ठेवण्याची खूण केली. टोळीतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि सगळे ताचोकडे बघू लागले. पेव्हर धडधडत होता.

काळी गाडी पेव्हरला समांतर आली आणि थांबली. तिच्यातून कोपोची बायको एउलालिया उतरली. चार फूट दहा इंच उंची, काळा झगा, हातात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा. ती थेट ताचोपुढे येऊन उभी राहिली.

"कोंपाद्रे, यांना या पट्ट्यावरून न्यायचंय."

ताचोने कानामागे हात धरला. बेनिग्नो सवयीने पुढे झाला. "त्या म्हणतात, कोपोला या पट्ट्यावरून न्यायचंय."

"कुठल्या?"

"नव्या. गरम."

"वहिनी, पलीकडची बाजू मोकळी आहे," ताचो म्हणाला. "सकाळीच झाडून घेतलीय."

"दिसली. पण यांनी सांगून ठेवलंय. गेल्या महिन्यात छातीत दुखलं तेव्हाच. म्हणाले, कोंपाद्रेंचा शेवटचा रस्ता कबरस्तानाचा आहे. मला त्यावरून न्या, गरम असताना."

"गाडी चिकटेल, वहिनी. टायरी रबराच्या, माल रबराचा. चाळीस फूट रस्ता उचकटून येईल."

"मी म्हटलं तसं. तर म्हणाले, कोंपाद्रेंना माहितीय. त्याबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

बेनिग्नोने तोंड उघडलं, पण ताचोने त्याला हाताने थांबवलं. हे त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं.

आता ताचो जी गोष्ट सांगायचा तिच्यातला एक भाग तो सांगत नसे, तो इथे सांगायला हवा. एकोणऐंशी सालच्या त्या सकाळी कोपो आपणहून मालावर चढला नव्हता. तो कडेला थांबला होता. पुढे दाताळं घेऊन ताचो उभा होता. कोपोने हात वर करून विचारलं, येऊ का? आणि ताचोने, नीट न बघता, हात हलवून त्याला बोलावलं. मग मालकाने हॅट आपटून विचारलं, कुणी सोडलं रे याला? ताचो मूग गिळून दाताळ्याच्या दातांकडे बघत राहिला. दात मोजून चौदा होते. कोपोने त्याच्याकडे पाहिलं, थोडा वेळ दिला, आणि म्हणाला, "मीच आलो." ताचोचं मुकादम व्हायचं ठरत होतं हे कोपोलाही माहीत होतं. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण ताचोने पुढे त्याची गोष्ट केली आणि गावभर हसवत फिरला. माणसाने चूक करावी, लपवावीही. पण ज्याने ती अंगावर घेतली त्यालाच हसायचं म्हणजे हद्द झाली.

ताचोने हात वर केला. पेव्हर बंद पडला. एवढी शांतता झाली की कुणाचंतरी लहान मूल रडायचं थांबलं.

"मिस्टर वेर्दुगो, तुम्ही थांबवताय?" मिस हॉलबर्गने विचारलं.

"थांबवतोय."

"खाली गार होईल."

"माहितीय." मग तो मागे बघून म्हणाला, "रोलर आणा."

कोपोच्या जागी आलेल्या नव्या माणसाने रोलर पुढे आणला. जुनं धूड होतं: पुढे एक लोखंडी चाक, मागे एक, आणि मधे इंजिनावर लांबलचक सपाट झाकण. या झाकणावर कोपो रोज फॉइलमध्ये गुंडाळलेले बरीतो तापत ठेवायचा. ताचोने काळ्या गाडीकडे बोट दाखवलं आणि मग झाकणाकडे. सहा माणसं पुढे आली.

मयतीचं सामान पुरवणाऱ्याचा माणूस धावत आला. "हे बसत नाही."

"नियमात?"

"झाकणावर. शवपेटी सात फुटी आहे."

"बसेल. एकोणीस वर्षं ते झाकण बघतोय मी."

बसली. दोन फळ्यांवर ठेवून ताडपत्रीच्या पट्ट्यांनी आवळली. एउलालियाने झाकणाला हात लावून पाहिला. "तापलंय हो."

"त्यांना गार कधी आवडलंच नाही," बेनिग्नो म्हणाला, आणि एउलालिया चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

नवा माणूस खाली उतरला आणि ताचो वर चढला. बेनिग्नोने चाकांवर पाणी सोडलं. रोलर फाटकाकडे निघाला, माणूस चालतो त्याहून थोडा हळू. लोखंडी चाकं गरम मालावरून एक कणही न उचलता गेली. शेजारच्या बाजूने पाद्रीबाबा, एउलालिया आणि गाव चालत होतं.

थोडं अंतर गेल्यावर ताचो बोलू लागला. खालच्या आवाजात, कुजबुजल्यासारखं, फक्त पेटीला ऐकू जाईल इतकंच. निदान त्याला तसं वाटलं. वस्तुस्थिती अशी की बहिऱ्याला आपली कुजबुज केवढी हे कळत नाही, आणि त्यात खाली इंजिन. तो सगळं ओरडून बोलत होता.

"कोंपाद्रे! तुम्ही विचारलंत, येऊ का! मी हात केला! मीच केला!"

पाद्रीबाबांचं प्रार्थनेचं पान चुकलं. ताचो दर ईस्टरला त्यांच्यापुढे गुडघे टेकून पापं कबूल करायचा. त्यात हे आजवर आलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाही समजलं असतं.

"मालकाने विचारलं तेव्हा मी दाताळ्याकडे बघत बसलो! मला मुकादम व्हायचं होतं! झालो! वर तुमच्यावर लोकांना हसवलं! मला लाज वाटायची म्हणून जास्तच हसवलं! तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतंत, हा खोटं बोलतोय! एकदा तरी!"

जे ती गोष्ट ऐकून पोट धरून हसले होते ते सगळे तिथेच चालत होते. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी आभाळाकडे. आभाळात काही नव्हतं. ओर्तेन्सियाने रुमाल तोंडाला लावला. ताचोच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण रोलर सरळ न्यायचा होता. तो त्याने सरळच नेला.

फाटकापाशी तो उतरला तेव्हा एउलालिया समोर उभी होती.

"एवढ्या मोठ्याने कशाला? ते इथेच तर होते."

"मोठ्याने?"

"त्या म्हणतात," बेनिग्नोने त्याच्या कानात सांगितलं, "सगळ्यांना ऐकू गेलं."

ताचोने मागे वळून गावाकडे पाहिलं. गावाने नजर चुकवली. त्याचं टक्कल कानांपासून वर वर लाल होत गेलं.

"हे म्हणायचे, कोंपाद्रे एक दिवस स्वतःहून सांगतील," एउलालिया म्हणाली. "मी म्हणायचे, कधीच नाही सांगणार. एकोणीस वर्षं यावरून आमचं वाजायचं." तिने त्याचा दंड धरला. "आता मी कुणापुढे कबूल करू की मी चुकले?"

मग ते दोघे आत गेले. ताचो सगळं होईपर्यंत थांबला, मूठभर माती टाकली आणि पाऊण तासाने परत आला.

पेव्हर जिथे उभा होता तिथे मिस हॉलबर्ग वाट बघत होती. पेव्हर पुढे निघाला आणि ती पट्टी ठेवून वाकली. ताचोही वाकला. तीन सूत. ताचोच्या टोळीतली, उंचवटा म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसं येऊन तो बघून गेली.

"घासून काढता येईल," ती म्हणाली. "उद्या यंत्र आणून अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाहीतर तो नोंदवहीत कायमचा तुमच्या नावावर लागेल."

"लागू द्या."

"कारण काय लिहू? माल उशिरा आला?" ती भली बाई होती. तीही टोळीबरोबर फाटकापर्यंत चालत गेली होती.

"लिहा, मुकादमाने थांबवला. आणि आणखी एक आहे. एकोणीसशे एकोणऐंशी, चाळीस फूट. तेही माझ्याच नावावर लिहा."

"मिस्टर वेर्दुगो, त्यासाठी वहीत रकाना नाही."

"मग आखा."

मिस हॉलबर्गने त्याच्याकडे पाहिलं, पट्टी उचलली, वहीवर ठेवली आणि रकाना आखला.

आता ताचो घरीच असतो. 'एल लीसो' हे नाव गावाने परत घेतलेलं नाही, पण हल्ली ते ऐकलं की तो डोक्यावरून हात फिरवतो. दर रविवारी तो आणि ओर्तेन्सिया फुलं घेऊन कबरस्तानाकडे निघतात. रस्ता इतका शांत आहे की गाडी चालू आहे की बंद ते समजत नाही. फक्त फाटकाच्या अर्धा मैल अलीकडे एकदा धप्प होतं आणि ओर्तेन्सियाच्या मांडीवर कॉफी सांडते.

"घासून काढता आला असता हा," ती दर रविवारी म्हणते.

ताचोला ती काय म्हणते ते ऐकू येत नाही. धप्प झालेलंही ऐकू येत नाही. ते त्याला बुडाखालच्या सीटमधून कळतं. तेवढ्यापुरती तो टोपी काढतो आणि म्हणतो,

"ऐकलं."